सकाळची गाडी, संध्याकाळचं मालवण

मित्रांनी मिळून कमी पैशांत भटकायला निघायचं ठरलं, की बोलणं सुरू होतं ते पोहोचल्यानंतरच्या दिवसांचं. किल्ला कधी बघायचा, मासे कुठे खायचे, पाण्यात कोण उतरणार. घरून निघाल्यापासून मुक्कामी पाठ टेकेपर्यंतचा जो अख्खा दिवस जातो, त्याचा विचार सहसा कुणी करत नाही. माझ्या मते खिशाला बेतून केलेल्या सहलीत तोच दिवस सगळ्यात महत्त्वाचा असतो. तो नीट गेला तर पुढचे दिवस कमी पैशांतही मजेत जातात. तो विसकटला तर भुकेल्या, झोप न झालेल्या माणसांना समोर दिसेल ती रिक्षा, मिळेल ती खोली आणि मागतील तो दर कबूल करावा लागतो.

उदाहरण म्हणून मुंबईच्या आसपास राहणारे पाच मित्रमैत्रिणी आणि मालवण घेऊ. पाठीवर सॅक, रेल्वेचा स्लीपर डबा, पुढे एसटी आणि राहायला एखाद्या घरगुती निवासातली खोली. कोकण रेल्वे रोह्याच्या पुढे सुरू होते. 26 जानेवारी 1998 ला तो मार्ग पूर्ण खुला झाला आणि तेव्हापासून तळकोकण गाठायला मुंबईकराला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

पहिला निर्णय गाडीचा. पुष्कळ जण डोळे मिटून रात्रीची कोकणकन्या धरतात, कारण एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं. ते खरं आहे. पण ती गाडी सकाळी कुडाळला सोडते आणि खोली ताब्यात मिळते बहुधा दुपारी. मधले चार-पाच तास अर्धवट झोपेचे पाच जण सॅका सांभाळत चहा-नाश्त्यावर पैसे घालवत बसतात आणि दुपारी खोलीत शिरल्यावर झोपतात ते थेट संध्याकाळी उठतात. भाडं वाचलं, पण दिवस गेला. घरमालकांनी सकाळीच सामान ठेवून आंघोळी उरकायची मुभा दिली तर मात्र रात्रीच्या गाडीसारखी सोय नाही, म्हणून हे आधी फोनवर विचारावं. तशी सोय नसेल तर जाताना दिवसाची गाडी आणि येताना रात्रीची, हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. दिवसाची म्हणजे मांडवी एक्स्प्रेस. सकाळी सातनंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघते, दादर, ठाणे, पनवेल घेत जाते आणि दुपार कलल्यावर कुडाळला पोहोचते.

याहून स्वस्त हवं असेल तर दिव्याहून सावंतवाडीला जाणारी गाडी आहे. तिकीट फारच थोडं, पण ती वाटेत जवळजवळ प्रत्येक स्टेशनवर थांबते, बसायला जागा मिळवायची तर दिव्यालाच बरंच आधी पोहोचावं लागतं, आणि गणपती किंवा मे महिना असेल तर आत शिरणंच कठीण. खेड-चिपळूणपर्यंत जायचं असेल तर ती जरूर घ्यावी. कुडाळपर्यंत पाठीवर ओझं घेऊन उभ्याने जाण्याची वेळ आली, तर पहिल्याच दिवशी अंगातली सगळी ताकद संपेल. स्लीपरच्या तिकिटाला जे थोडे जास्त पैसे पडतात, ते या सहलीतले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे समजावेत.

आता आरक्षण. 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या तारखेआधी 60 दिवस आरक्षण खुलं होतं. पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. सकाळी आठला खिडकी उघडते आणि सुट्ट्यांच्या हंगामात कोकणच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. एका वेळी एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात. तुम्ही सात-आठ असाल तर दोन तिकिटं काढावी लागतील आणि डबे वेगळे येऊ शकतात, म्हणून दोघांनी दोन फोनांवर एकाच वेळी बसावं.

जागेचा आकडा वाचायला शिकून घ्या, फार उपयोगी पडतो. स्लीपर डब्यात आठ-आठ जागांचे कप्पे असतात. आपल्या क्रमांकाला आठने भागायचं. बाकी एक किंवा चार राहिली तर खालची जागा, दोन किंवा पाच राहिली तर मधली, तीन किंवा सहा तर वरची. बाकी सात राहिली तर बाजूची खालची, आणि पूर्ण भाग गेला तर बाजूची वरची. म्हणजे 33 आणि 36 या समोरासमोरच्या खालच्या जागा, 39 ही बाजूची खालची. पाच जणांना 33 ते 37 मिळाल्या तर सगळे एकाच कप्प्यात आले.

तिकिटावर ‘आरएसी’ आलं म्हणून हिरमुसू नका. आरएसी म्हणजे बाजूच्या खालच्या जागेवर दोघांनी बसायचं. रात्रीच्या गाडीत ते खरोखर त्रासाचं असतं, कारण दोघांपैकी कुणालाच आडवं होता येत नाही. पण दिवसाच्या गाडीत सगळेच बसून जातात. आरएसीवाल्यालाही बसायला हक्काची जागा असते, तीही खिडकीची. दिवसाची गाडी निवडण्याचं हे आणखी एक कारण. प्रतीक्षा यादीचं मात्र तसं नाही. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरची सगळी नावं तक्ता लागेपर्यंत प्रतीक्षा यादीतच राहिली, तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते घेऊन डब्यात चढता येत नाही. सकाळच्या गाडीचा तक्ता हल्ली आदल्या रात्रीच लागतो, त्यामुळे ‘स्टेशनवर जाऊन बघू’ असं म्हणण्याची गरज राहिलेली नाही. रात्री झोपण्याआधीच कळतं.

आणखी एक गोष्ट मित्रांच्या टोळक्यात हमखास निसटते. तिकीट दादरपासूनचं आणि त्यातली एक जण राहते पनवेलला. ती म्हणते, मी तिथूनच चढते. पण संपूर्ण तिकिटावर चढण्याचं स्टेशन एकच असतं. दादरला ती जागेवर दिसली नाही तर तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो. गाडीत चढल्यावर बाकीच्यांनी तपासनिसाला आधीच सांगून ठेवावं, किंवा सगळ्यांनीच एका स्टेशनवर भेटावं. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण सहलीची सुरुवात सगळ्यांची मिळून होते. आणि डोंबिवली-कल्याणहून ठाण्याला लोकलने येणाऱ्यांनी लोकलचं तिकीट वेगळं काढायचं. मांडवीचं तिकीट ठाण्यापासून पुढे लागू होतं.

ओळखपत्र मूळ हवं. ऑनलाइन तिकिटावरच्या निदान एकाकडे तरी ते असलं पाहिजे, डिजिलॉकरमधलं चालतं. तरी प्रत्येकाने आपापलं ठेवावं, पुढे खोली घेताना ते सगळ्यांकडे मागतात. तिकिटाचा फोटो पाचही फोनांत असू द्या.

सॅक भरण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण दिवसभराचा थकवा बराचसा इथे ठरतो. चार-पाच दिवसांच्या कोकणवारीला आठ किलोच्या वर सॅक जाण्याचं कारण नाही. रेल्वे स्लीपरला 40 किलो सामान फुकट नेऊ देते, पण ते वाहायचं तुमच्या खांद्यांनी आहे. जड वस्तू पाठीला चिकटून आणि मध्यभागी, हलके कपडे तळाशी, दिवसा लागणाऱ्या वस्तू वर. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालायला लागतो. कमरेचा पट्टा असेल तर तो आधी कसावा, मग खांद्याचे पट्टे ओढावेत, म्हणजे भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. दुकानात सॅक विकत घेताना हे कुणी सांगत नाही.

निघण्याच्या दोन दिवस आधी सगळ्यांनी फोनवर बोलून सामायिक वस्तू वाटून घ्याव्यात. औषधांची एकच पिशवी, एकच मोठी टूथपेस्ट, एकच एक्स्टेंशन बोर्ड, कपडे वाळवायची एकच दोरी, एकच टॉर्च. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट आणली तर पाच सॅकांत मिळून एका सॅकेचं ओझं जास्तीचं होतं. उरतात आपापले कपडे, पंचा, चपला, पातळ चादर, पाण्याची बाटली. कोकणच्या दमट हवेत जीन्स वाळत नाही. एकच अंगावर घालावी, बाकी सुती किंवा लवकर वाळणाऱ्या पँटी. लहानशी साखळी आणि कुलूप मात्र घ्याच. खालच्या बाकाखाली लोखंडी कड्या असतात, त्यांतून साखळी ओवून सगळ्या सॅका एकत्र बांधल्या की दारात उभं राहून कोकण बघायला पाचही जण मोकळे.

मग पैसे. मित्रांमध्ये टीटीएमएम चहाच्या टपरीवर ठीक असतं. प्रवासात प्रत्येक रिक्षा, प्रत्येक बाटली, प्रत्येक वडा पाच जणांत तोडत बसलं तर पहिल्याच दिवशी डोकी तापतात. त्यापेक्षा निघण्याआधी सामायिक खातं उघडावं. समजा प्रत्येकाने दोन हजार काढले, तर दहा हजार एकाकडे जमा झाले. त्याने त्यातून फक्त सगळ्यांचे खर्च करायचे: एसटी, रिक्षा, खोली, एकत्र जेवण. स्वतःपुरतं काही घेतलं तर ते स्वतःच्या खिशातून. पैसे संपत आले की पुन्हा सगळ्यांनी सारखे घालायचे. थोडी रोकड आणि सुट्टे पैसे हवेतच, कारण कोकणात डोंगराच्या आड गेलं की फोनची रेंज जाते आणि तिथे यूपीआय चालत नाही.

सारखे पैसे म्हणजे सगळीकडे सारखे, असं मात्र करू नये. मालवणी खानावळीत थाळीचा दर माशावर ठरतो. सुरमई किंवा पापलेटची थाळी महाग, बांगड्याची स्वस्त, शाकाहारी त्याहून स्वस्त. टोळीत एखादा शाकाहारी असेल तर रोज दुसऱ्यांच्या सुरमईचे पैसे त्याने का भरावेत? तो बिचारा बोलत नाही आणि मनात ठेवतो. जेवणाचं बिल ज्याने जे खाल्लं त्याप्रमाणे वेगळं करावं, बाकी सगळं सामायिक. आणि कुणाची ओढाताण असेल तर ती खोली ठरवण्याआधी, एकेकट्याला विचारून समजून घ्यावी. चारचौघांत ‘परवडेल ना?’ असं विचारलं तर कुणीही हो म्हणतो.

निघण्याच्या सकाळी स्टेशनवर गाडीच्या अर्धा तास आधी असावं. लोकलच्या गर्दीत सॅक पाठीवर न ठेवता पोटाशी घ्यावी. पाठीवरच्या सॅकेने मागच्या माणसाला धक्के बसतात आणि आपलं लक्षही राहत नाही. ठाण्याला गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून फलाटावरच्या पाटीवर डबा कुठे येणार ते आधी बघून नेमकं तिथेच उभं राहायचं.

पनवेल सुटलं, रोहा मागे पडलं, की प्रवासाची लय बदलते. इथे एक गोष्ट समजून घेतली तर दिवसभराची चिडचिड टळते. रोहा ते वीर या टप्प्याचं दुपदरीकरण 2021 मध्ये पूर्ण झालं. त्यापुढे मार्ग मुख्यतः एकेरी आहे. दोन स्टेशनांमधल्या त्या एकेरी रुळावर एका वेळी एकच गाडी सोडतात. समोरून दुसरी येत असेल तर एकीला स्टेशनच्या बाजूच्या रुळावर थांबवून दुसरीला वाट करून देतात. यालाच क्रॉसिंग म्हणतात. म्हणून आपली गाडी एखाद्या लहानशा स्टेशनवर, जिथे ना कुणी चढत ना उतरत, पंधरा-वीस मिनिटं उभी राहते आणि मग समोरून एक गाडी धडधडत निघून जाते. वंदे भारत, राजधानी यांना पहिला मान. एकदा आपली गाडी उशिरा झाली की तिची ठरलेली वाट हुकते, मग पुढच्या प्रत्येक क्रॉसिंगला तिलाच थांबावं लागण्याचा संभव वाढतो, आणि वीस मिनिटांचा उशीर पुढे तासाचा होतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात आणि पोहोचायच्या वेळा बऱ्याच पुढे जातात. जुलै 2024 मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा मार्गच बंद पडला होता. तेव्हा पहिल्या दिवसाच्या बेतात दीड-दोन तास मोकळे सोडायचे आणि संध्याकाळी पोहोचण्यापलीकडे काहीही ठरवायचं नाही. कसलंही आगाऊ बुकिंग त्या दिवशी नको.

हा वेळ वाया जात नाही, कारण हा मार्ग खरोखर बघण्यासारखा आहे. डोंगर फोडून आणि दऱ्या ओलांडून तो नेला आहे. नव्वदच्या वर बोगदे आहेत. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात शिरण्याआधी घरी काय निरोप द्यायचा तो देऊन टाकावा. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल येतो, दरीच्या तळापासून 64 मीटर उंच. तिथे सगळ्यांनी खिडकीशी यावं. पूर्वी बोगद्यात डिझेलचा धूर डब्यात भरायचा. 2022 मध्ये पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि स्लीपरच्या उघड्या खिडक्यांतून आता स्वच्छ वारा येतो. वातानुकूलित डब्याच्या बंद काचेतून हे कोकण निम्मंच दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

खाण्याचं बोलायचं तर मांडवी तिच्या खाण्यासाठी नाव कमावून आहे, डब्यात सतत काही ना काही गरम येत असतं. पाच जणांनी प्रत्येक फेरीला हात पुढे केला तर जेवणाइतका खर्च नुसत्या चरण्यात होतो. घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी, भडंग घ्यावं. हे उन्हातही टिकतं. गाडीत एकदा भजी आणि चहा एवढं विकत घ्यावं, कारण पावसाळी हवेत धावत्या गाडीतली भजी सोडणं हेही शहाणपणाचं नाही. पाण्याची बाटली सकाळी भरून घ्यावी, पुढे रेलनीर घ्यावं. सप्टेंबर 2025 पासून लिटरची बाटली 14 रुपयांना आहे. विक्रेत्याने जास्त मागितले तर छापील किंमत दाखवावी.

रत्नागिरीच्या आसपास एक फोन करायला विसरू नका. घरगुती निवासात रात्रीचं जेवण हवं असेल तर किती जण, किती मासे खाणारे आणि किती शाकाहारी, हे त्यांना दुपारीच कळलं पाहिजे. आयत्या वेळी सांगितलं तर घरात असेल तेवढंच मिळतं. काही घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, तेही आधीच कळतं. त्याच फोनवर खोलीत जास्तीच्या गादीचे किती घेणार ते विचारून घ्यावं.

कुडाळला उतरल्यावर शेवटचा टप्पा. कोकण रेल्वेची पुष्कळ स्टेशनं गावापासून दूर आहेत. राजापूर रोड, सावंतवाडी रोड यांचं उतरल्यावर कळतंच, आणि कुडाळलाही मालवणची एसटी धरायला आधी रिक्षाने स्टँडवर जावं लागतं. इथून मालवण तीसेक किलोमीटर. रेल्वेने शेकडो किलोमीटर जितक्या स्वस्तात आणलं, त्या मानाने हा तुकडा महाग पडतो आणि बजेटं इथेच मोडतात. घाईने पहिल्या रिक्षात सामान टाकू नका. सॅका खाली ठेवून एकाने सामानाजवळ थांबावं आणि दुसऱ्याने दर विचारावा. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पाचांत दोघी-तिघी असतील तर एसटीपुढे बाकी कशाचाच हिशेब बसत नाही. सगळेच मुलगे असतील, गाडी उशिरा आली असेल आणि एसटी निघून गेली असेल, तर थेट निवासापर्यंत मोठी रिक्षा ठरवून पाचांत वाटलेलं भाडं अगदीच अवाजवी नसतं. शेवटच्या एसटीची वेळ आदल्या दिवशी घरमालकांना विचारून ठेवावी. तिथल्या माणसाला ती नेमकी ठाऊक असते.

मालवणला पोहोचल्यावर बेत थोडकाच ठेवावा. हिवाळ्यात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो. उजेड असेल तर चिवल्याच्या किनाऱ्यावर एक फेरी, नसेल तर तीही नको. आंघोळ, जेवण आणि सोलकढी. नंतर दहा मिनिटं खर्चाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. दिवसाचा हिशेब त्याच रात्री झाला की कुणाच्या मनात काही राहत नाही. तीन दिवसांचा एकदम काढायला बसलं की कोण काय विसरलं त्यावरून बोलाचाली होते.

झोपण्याआधी घरमालकांना एवढं विचारून घ्या, की सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी पहिली होडी उद्या धक्क्यावरून किती वाजता सुटते आणि समुद्र कसा आहे. पावसाळ्यात होडी बंद असते, एरवीही वारा जास्त असला तर ती थांबवतात. सकाळचं पुढचं सगळं त्या उत्तरावरून ठरवता येईल.